गुवाहाटीत सूर्य साडेचारला मावळतो

आदितीला पीएचडीसाठी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं आणि आज संध्याकाळी पाचपर्यंत एकीकडे होकार कळवायचा होता. पुण्याला पॅकेटातल्या दह्याचा चिकटपणा मोजायचा होता. गुवाहाटीला भातशेतीच्या मातीतले जंतू होते आणि त्याच जंतूंपायी तिनं एमएस्सीची दोन वर्षं डोळे फोडून घेतले होते. शिवाय गुवाहाटी घरापासून रेल्वेनं तीन दिवस लांब. हे दुसरं कारण ती कुणाला सांगत नव्हती. बाथरूमकडे निघालं तरी "कुठं चाललीस?" विचारणाऱ्या घरात चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

एवढा सरळ मामला. पण तिच्या वडिलांनी, बाबासोंनी, सकाळी तो घरच्या ग्रुपवर टाकला. चारच्या सुमारास काका जिनेंद्र आणि आत्या अंजना सोफ्यावर येऊन बसले. पीएचडी म्हणजे काय हे दोघांनाही माहीत नव्हतं, त्यामुळे मतं पक्की होती.

"पुणं बरं," काका म्हणाले. "सकाळच्या गाडीनं जायचं, काम उरकायचं, परत यायचं."

"काका, पीएचडी हाय. तलाठ्याचा दाखला न्हाय."

"आणि दह्यात काय वाईट हाय? घरात रोज लागतंय."

"ठिकाणाला काय हाय? काम बघायचं असतंय," आदिती म्हणाली. सकाळपासून अकराव्यांदा.

आत्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. तिनं चष्मा वर केला. "डिसेंबरात गुवाहाटीत सूर्य साडेचारला मावळतोय."

सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. या जैन घरात सूर्य मावळल्यावर कुणी घास खात नाही, आत्या तर पाणीसुद्धा पीत नाही.

"म्हंजे रातचं जेवण चारला," बाबासो म्हणाले. "मग दुपारचं?"

"सकाळी धाला," काकांनी हिशेब केला.

"आणि नाष्टा?"

"आदल्या दिवशी," आदिती दात खात म्हणाली आणि वडिलांकडे वळली. "आप्पा, साडेचार वाजून गेलं. मी गुवाहाटीला हो म्हणतो."

"थांब की. मोठ्या माणसाला इचारून घेऊ." पत्रावर गुवाहाटीच्या सरांचा नंबर होता. ज्या माणसाला आदितीनं चार वेळा मसुदा करून एक मेल पाठवली होती, त्याला बाबासोंनी थेट फोन लावला. तोही स्पीकरवर. लागेना म्हणून परत लावला, सहा वेळा लावला. सातव्याला पलीकडून हॅलो आलं.

"नमस्कार सर. मैं आदिती का आप्पा, कोल्हापूर से. तुम्हारे उधर सूरज साडेचार को डूबता है, तो पोरगी को जेवायला कितने बजे छोडते?"

आदितीच्या डोक्याची शीर तडकली. ती आत गेली, लॅपटॉपवर गुवाहाटीचं होकाराचं बटण दाबलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "दाबलं मी. आता सूर्य कुठंबी बुडू दे."

स्पीकरवरचा माणूस मात्र गोंधळला होता. "इधर के सूरज से उसको क्या? उसका काम तो शाहूवाडी में है. तीन साल वहीं, धान के खेतों में. यहाँ तो बस साल में एक बार आना है."

"शाहूवाडी? आमची?" आत्या उठून उभी राहिली.

"हाँ. फॉर्म पर कोल्हापूर देखा, इसीलिए तो उसको चुना."

"सर," आदिती फोनवर वाकली. "और मेरे मार्क?"

"मार्क भी ठीक हैं."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून एक मिनिट झालं होतं. पुणं बंद.

"दीड तासाची तर एस्टी," बाबासो खूश होऊन म्हणाले. "डबा मीच आणून देतो."

"तिचंच खरं निघालं," काका म्हणाले. "ठिकाणाला काय हाय?"

आत्या परत मोबाईलमध्ये शिरली होती. "शाहूवाडीत डिसेंबरातबी सहाला मावळतोय. चारच्या एस्टीनं निघालीस तर जेवायला घरी."