हवालदारांचं तोंड

कुंडलचे निवृत्त हवालदार नाथाजी सकाळपासून आरशापुढं तोंड वेडंवाकडं करत होते. मस्कतच्या एका कंपनीत सुरक्षा सुपरवायझरची जागा होती, पण अरबी वाचता येतं असा दाखला हवा होता. मिरजेच्या मुजावर मॅडम फोनवर शिकवायच्या. एकाच अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ असली की ‘ब’, तीच रेघ पायाशी आली की ओठ ताणून ‘बि’, आणि डोक्यावर शेपटीवाली गाठ दिसली की ओठ गोल करून ‘बु’. बाकी सगळं जमलं होतं, घोडं अडलं होतं ते इथंच. वीस वर्षं परेड घेतलेला माणूस तो! उच्चार तोकडा हवा, तर त्यांच्या तोंडून ‘बाऽऽ, बीऽऽ, बूऽऽ’ असंच निघायचं. दोनदा नापास झाले होते. आज अकराला शेवटची परीक्षा होती.

आवाज दाबून ‘बु’ घोकत असताना साळूबाई आत आल्या. नवऱ्याचे ओठ ताणतायत काय, गोल होतायत काय! त्यांच्या हातातली परात पडली.

“जयराज, पळ रं! तुज्या बाच्या तोंडावरनं वारं गेलं!”

“आगं, मी आभ्यास...”

“बोलू नगासा! जीभ जड झालीया तुमची.”

शेजारच्या रंगुबाई धावत आल्या आणि काहीएक न विचारता पायातली चप्पल काढून त्यांनी नाथाजींच्या नाकाला लावली.

“मला फिट आली न्हाई!” नाथाजी गरजले.

“आरडाय लागलं. म्हंजी डोक्यात गेलंय,” रंगुबाई म्हणाल्या.

ज्याच्या एका आरोळीनं अख्खी पलटण थबकायची, त्याला पोटच्या पोरानं उचलून गाडीत कोंबलं. काय ही तऱ्हा! संतापानं नाथाजींचे ओठ थरथरू लागले, आणि ते बघून जयराजनं गाडी आणखी पळवली.

मिरजेच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर म्हणाले, “आजोबा, तोंड उघडा. आता दात दाखवा. आता शीळ घालतो तसे ओठ गोल करा.”

आजोबा? आणि हेच तर घरी चाललं होतं! नाथाजी तोंड सोडणार तोच खिशातला फोन वाजला. अकरा वाजले होते. पडद्यावर मुजावर मॅडम होत्या.

“हवालदारसाहेब, करा सुरू.”

“बाऽऽ! बीऽऽ! बूऽऽ!”

शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. मॅडमनी कपाळाला हात लावला.

“किती लांबवता! नापास.”

“आन्याय हाय ह्यो! धडधाकट मानसाला उचलून आनलंय हितं!”

डॉक्टर साळूबाईंकडे वळले. “सकाळी नेमकं काय करत होते हे?”

“आसं बगा,” साळूबाईंनी ओठ हलवून दाखवले, “ब, बि, बु. ब, बि, बु.”

“थांबा!” मॅडम ओरडल्या. “कोण बोललं ते? असंच पाहिजे! बाई, तुम्ही उद्यापासून क्लासला या. महिन्यात दाखला देते.”

साळूबाई लाजल्या, मग फोनजवळ सरकल्या. “येती की. पन मॅडम, त्या मस्कतला बायामानसं घेत्यात का वो?”

डॉक्टरांनी नाथाजींचं बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि त्यांना दोन दिवसांसाठी दाखल करून घेतलं.