एकशे ब्याऐंशी दिवसांचा नाखवा

हिराजी नाखव्याच्या दारात कुणी नवा माणूस दिसला की नाखवा त्याला बस म्हणायचा नाही, पाणी विचारायचा नाही. पहिला सवाल, "किती दिवस झालं येऊन?"

माझी मेहुणी कुडाळहून आमच्याकडे राहायला आलेली. तिलाही ओट्यावरून हाच सवाल. ती बिचारी म्हणाली, चाळीस. नाखव्याने जाहीर केलं, "अजून तिकडची हाय. एकशे ब्याऐंशी भरलं का इकडची झालीस. मंग सरकार तुज्या तिकडच्या कमाईवर पन हात मारंल." मेहुणीची तिकडची कमाई म्हणजे दोन म्हशी. तरी दुसऱ्या दिवशी तिने एस.टी. पकडली. ही, म्हणजे माझी बायको, माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. जसं काही मीच म्हशींवर टॅक्स लावणार होतो.

मला या माणसाचा राग यायचा. अजून येतो. गोड गोड लिहायला मला जमत नाही. मी चौथी शिकलेला, कोलशेत रोडच्या कंपनीत तीस वर्षं हेल्परकी केलेला माणूस. जे आहे ते तोंडावर.

तर हिराजी नाखवा. बाळकुमचा जुना कोळी, भिंतीला भिंत लागून माझा शेजारी. खाडीत याची होडी होती. इंग्रजी तारीख याला कधी कळली नाही, सगळं तिथीवर. पंचमीला भरती किती वाजता, अष्टमीला पाणी कुठवर उतरणार, पन्नास वर्षांत एकदा चुकला नाही. मी म्हणायचो, पगार दहा तारखेला आहे. तो म्हणायचा, "म्हंजे द्वादशीला." मग कंपन्यांचं घाण पाणी खाडीत आलं आणि मासळी गेली. होडी किनाऱ्यावर उपडी पडली. नाखवा मला म्हणायचा, "घाडी, तुज्या पगारात माजी कोलंबी हाय." राग यायचा, कारण खरं होतं.

होडी गेली तसे हातात पत्ते आले. बाळकुमापासून माजिवड्यापर्यंत एक माणूस याच्यासमोर बसायला तयार नसे. पत्ते बघून नाही, माणूस बघून खेळायचा. "मासा गळाला लागन्याआधी दोरी सांगते," म्हणायचा.

अठ्ठ्याण्णव साली याचा भाचा विलायतेहून आला. बोटीवर आचारी होता, मग तिकडेच राहिला. त्याने मामाला माजिवड्याच्या नाक्यावर नेलं. तिथे एकाने फोनच्या तारेवर चालणारा कॉम्प्युटर ठेवलेला, तासाला पैसे घ्यायचा. त्यात पोकर नावाचा खेळ. आपल्या तीन पत्तीचा विलायती मामा समजा. समोर कुठल्या कुठल्या देशाची माणसं, खरे डॉलर लावून बसलेली.

मी विचारलं, "अरे, तोंड दिसत नाही समोरच्याचं, थाप कशी ओळखतोस?"

"पान टाकायला वेल किती लावतंय त्यावरून. झटकन टाकलं का थाप. मासा पन तसाच."

महिन्याभरात हा माणूस जिंकायला लागला. भाच्याने तिकडे खातं उघडून दिलेलं, त्यात डॉलर पडायला लागले. मग भाचाच म्हणाला, मामा, तिकडे पत्त्यांत जिंकलं तर सरकार काही घेत नाही. इकडे घेतं. तिकडेच राहायला या.

नौपाड्यात एक टॅक्सचे वकील होते, त्यांच्याकडे नाखव्याने मला नेलं. का, तर मला वाचता येतं. वकिलांनी चष्मा वर करून सांगितलं, "पत्त्यांची कमाई असेल तर सरकार मोठा वाटा घेतं. आणि त्यातून खर्च वजा होत नाही."

नाखवा म्हणाला, "आनि हरलो त्ये?"

"हरलेलं धरत नाहीत. जिंकलेलं धरतात."

नाखवा उठून उभा राहिला. "म्हंजे जालं माजं फाटलं त्ये माजं, आनि मासा गावला त्यो सरकारचा? वकीलसाहेब, असा भागीदार आमी होडीत घेत नाय. खाडीत टाकतो."

पहिल्यांदा आणि शेवटचं मला या माणसाचं म्हणणं पटलं. मीही चार शिव्या दिल्या. वकील म्हणाले, माझ्यावर कशाला ओरडता, मी कायदा केला नाही.

मग त्यांनी वाट सांगितली. सरकारचं वर्ष एप्रिलपासून. त्या वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस इथे भरले की तुम्ही इकडचे, तिकडची कमाई पण इकडे दाखवा. त्याआधी कायमचे तिकडे राहायला गेलात तर तुम्ही तिकडचे. सप्टेंबरची अठ्ठावीस तारीख शेवटची. तिच्या आत विमानात बसा.

त्या दिवसापासून नाखव्याचं डोकं फिरलं. ओट्याच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ. दूधवाला, पोस्टमन, गावात आलेला जावई, सगळ्यांचे दिवस मोजायचा. इकडचा का तिकडचा? आमच्या दारात पिल्लं घातलेल्या मांजरीलाही त्याने तिकडची ठरवलेली.

जुलैत हिला पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी पोट उघडलं, बंद केलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, घरी न्या. एवढंच. फी मात्र पूर्ण घेतली. त्या दिवसापासून मला सगळ्यांचा राग यायला लागला. डॉक्टरचा, देवाचा, नळाला पाणी सोडणाऱ्याचा. मुलगी दिवा गावात दिलेली, रविवारी यायची आणि रडून जायची. तिचाही राग यायचा. ही भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेव म्हटलं की नको. उठ म्हटलं की नको.

एक दिवस तीन वाजता नाखवा पत्ते पिसत आत आला. "वैनी, रमी येतं ना तुला? उठ."

ही माहेरी रमी खेळायची, हे मला लग्नाच्या अडतीस वर्षांत माहीत नव्हतं. या चोराला कसं कळलं देव जाणे. ही उठली. भिंतीला उशी लावून बसली. आणि हरली.

दुसऱ्या दिवशी परत तीन वाजता. परत हरली. रोज तीन वाजता यायचा आणि रोज हिला हरवायचा. वर ओरडायचा, "वैनी, असं पान टाकतात? तुज्यापेक्षा तो हेल्पर घाडी बरा!" ही लाल व्हायची. "नाखवा, जास्त बोलू नको. उद्या ये. उद्या हरवते तुला." आणि रागारागात अर्धी भाकरी खायची.

एकदा तिने पत्ते धरून सांगितलं, "तुला हरवल्याशिवाय विमानात बसू देणार नाही मी."

"मंग जल्मभर इकडचाच ऱ्हानार मी," नाखवा म्हणाला, आणि तोही डाव जिंकला.

मला हे बघवेना. ओट्यावर त्याचा दंड धरला. "अरे, मरायला टेकली आहे ती. एक डाव सोड तिला. तुझं काय जातंय?"

"तू मधी बोलू नको."

आतून हीच ओरडली, "अहो, तुम्ही मध्ये बोलू नका!"

म्हणजे बघा. बायको माझी, घर माझं, आणि मी मध्ये.

सप्टेंबर लागला. नाखव्याचं तिकीट सव्वीस तारखेचं, भाच्याने पाठवलेलं. सव्वीसला तीन वाजता हा पत्ते घेऊन दारात. मी म्हणालो, "विमान?"

"हाय रं अजून. दिस बाकी हायेत माजे."

सत्तावीसला आला. अठ्ठावीसला आला. एकोणतीसलाही आला. दसरा झाल्यावर मीच त्याला वकिलांकडे घेऊन गेलो. वकिलांनी कपाळाला हात लावला. "अहो नाखवा, एकशे ब्याऐंशी भरले! यंदा तुम्ही इकडचे. दिवस मोजलेत कसे?"

"तिथीनं."

"तिथीनं?"

"मधी एकच तिथी दोन दोन दिस आली. ती मी एकदाच धरली. चुकलं माजं."

वकील म्हणाले, "अहो, सरकारला पंचांग नसतं!" आणि हसून हसून खोकायला लागले. मीही हसलो. नाक्यावर सगळ्यांना सांगितलं, दोन दिवस आलेल्या तिथीला वृद्धी तिथी म्हणतात, म्हणून पोरं त्याला वृद्धीनाखवा म्हणायला लागली. भाच्याने फोनवर शिव्या दिल्या, तिकीट फुकट गेलं म्हणून. परत बोलावलं नाही. जे जिंकलेलं त्याचा वाटा सरकारने घेतला. माजिवड्याच्या कॉम्प्युटरकडे नाखवा नंतर फिरकला नाही.

ऑक्टोबरच्या दहा तारखेला ही गेली. आदल्या दिवशीही खेळली. पानं धरवेनात, नाखव्यानेच लावून दिली. तरी हरली. "उद्या ये" म्हणाली.

तेराव्याला नाखवा आला तेव्हा माझा तोल गेला. सगळ्या माणसांसमोर त्याला बोललो. "सत्तर डाव खेळलास, एक तिला जिंकू दिला नाहीस. तुझे पत्ते घेऊन चालता हो. परत या दारात दिसू नको." तो गेला. वर्षभर भिंतीला भिंत असून आम्ही बोललो नाही.

वर्ष झालं. तिथी-बिथी सगळं हीच बघायची, मला त्यातलं काय कळतंय? दहा ऑक्टोबरला मुलीला बोलावलं, पान वाढलं, घराबाहेर ठेवलं. कावळा आला नाही. दोन तास उभा होतो. शेवटी कावळ्यालाही शिव्या दिल्या. मुलगी म्हणाली, बाबा, आईचं काही राहिलं असेल. मी म्हणालो, राहिलं असणारच, शेजारी असा असल्यावर.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी सकाळी नाखवा दारात. हातात केळीचं पान, वर वाटीभर खीर.

"काय आहे?" मी म्हणालो.

"आज हाय. आश्विन वद्य पंचमी."

"वर्ष होऊन गेलं. दहा तारखेला केलं मी."

"तारकेचं काय घेऊन बसलाय? ज्येष्ठ अधिक आलावता यंदा. महिना वाढला. म्हनून कावला आला नाय तुज्याकडं. कावल्याला कलतं, तुला कलत नाय."

त्याने पान कौलावर ठेवलं. आम्ही मागे सरलो नाही तोच कावळा बसला. मी त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिलो. वर्षामध्ये वाढलेला अख्खा महिना याच्या हिशोबातून सुटला नाही.

"नाखवा," मी म्हणालो, "त्या सालचे दिवस कसे रे चुकले तुझे?"

"चुकतं रं कवा कवा."

"पन्नास वर्षांत एकदा?"

तो ओट्यावर बसला. कमरेला खोचलेले पत्ते काढले आणि पिसत राहिला. खाली बघून म्हणाला, "एक डाव जिंकली असती, तर 'उद्या ये' बोलली असती का ती?"

मला एवढा राग आला म्हणून सांगू. त्याचा नाही. नाक्यावर उभा राहून दात काढणाऱ्या एका हेल्परचा.

नाखव्याने माझ्यासमोर तेरा पानं वाटली. मी जन्मात पत्त्याला हात लावलेला नाही. राजा कोण, गुलाम कोण, मला ओळखता येत नव्हतं, त्यात डोळ्यांना दिसतही नव्हतं. हाताला आलं ते टाकत गेलो. चार फेऱ्यांत त्याने पानं उलटून दाखवली आणि ओरडला, "घाडी, असं पान टाकतात? तुज्यापेक्षा वैनी बरी व्हती!"

"जास्त बोलू नको," मी म्हणालो. "उद्या ये. उद्या हरवतो तुला."