धुऱ्यावरची जांभळी

"दुर्गाबाई, रागावू नोका, पण देवमनभाऊ धुऱ्यावर कोण्या बाईशी बोलून रायले," एवढं सांगून शेजारची शकुन निघून गेली आणि दुर्गाबाईंची भाकर तव्यावरच करपली.

"कोण बाई?" त्यांनी मागून ओरडून विचारलं.

"दुरून तोंड नाई दिसलं. साडी जांभळी होती!"

नातवंडं झालेला माणूस आणि हे धंदे! गावात दुर्गाबाईंची मान ताठ होती ती काय उगीच? नवऱ्याच्या नावाला डाग नव्हता. खोड एकच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि गडी कबूल करत नव्हता. "घारीची नजर हाय माही," असं म्हणत परवाच त्याने पोस्टमनला जावई समजून जेवायला बसवलं होतं.

पदर खोचून, विळा घेऊन दुर्गाबाई शेतात गेल्या आणि तुरीच्या आड दबा धरून बसल्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, देवमनने भाकरीचं फडकं सोडलं होतं. अर्धी भाकर बाजूला काढून ठेवलेली.

"ये, बस," तो समोर बघून म्हणाला. "रोज निस्ता हात हालवते, बोलत काहून नाई? पण तुह्यासारखी गरीब बाई नाई पायली. आमच्या घरची त श्वास घ्याले बी थांबत नाई!"

हद्द झाली! "थांब सटवे, तुले दाखवतो!" म्हणत दुर्गाबाई धावल्या आणि त्यांनी विळा चालवला. बाई टर्रकन फाटली आणि बांबूसकट आडवी झाली.

"धावा रे! दुर्गीनं बाई मारली!" देवमन बोंबलत गावाकडे पळाला.

दुर्गाबाई खाली बघतात तर त्यांचीच साडी! रानडुकरं आत शिरू नयेत म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, तशा त्यांनीच बांधल्या होत्या, देवमन अकोल्याला लेकीकडे गेला होता तेव्हा. दोरी संपली म्हणून ही एक कोपऱ्यातल्या बांबूला गुंडाळली होती. नातीच्या बारशाला देवमनने अमरावतीहून हौसेने आणलेली.

एवढ्यात काठ्या घेऊन गाव आलं. साडी पाहून जो तो पोट धरून हसू लागला. देवमनचं तोंड एवढंसं झालं. आता जन्मभर गाव त्याला चिडवणार, हे दुर्गाबाईंना दिसत होतं.

"हासता काहून?" त्या कडाडल्या. "माह्या साडीशी बोलत होते थे! अर्धी भाकर काढून! तुमच्यातला एक तरी बायकोच्या साडीले इचारते काय?"

बायांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. हसू जागच्या जागी विरलं आणि गडी काठ्या टेकत घरी गेले.

देवमन मुकाट्याने अमरावतीला जाऊन ऑपरेशन करून आला. नंतर एका दुपारी दुर्गाबाई धुऱ्यावर भाकर घेऊन गेल्या. त्याने अर्धी मोडून पुढे केली.

"ये, बस."

त्या बसल्या. भाकर संपली तरी एक शब्द बोलल्या नाहीत. देवमन कासावीस झाला.

"अवं, बोल ना काही! बरं नाई काय तुले?"

"मले काय झालं?" दुर्गाबाई मान ताठ करून म्हणाल्या. "गरीब बाई हावो मी."