रज्जाकचाचांची परखी

रज्जाकचाचा वांगी घ्यायचे तेव्हा टोपलीतलं एक वरचं, एक मधलं आणि एक पार तळाचं वांगं मोडून बघायचे. मोडलेली तिन्ही इमानदारीनं घरी न्यायचे, पण आमच्या मूल गावच्या बाजारात ते येताना दिसले की भाजीवाल्या टोपलीवर पोतं टाकायच्या.

यात चाचांची तरी काय चूक? तीस वर्षं त्यांनी राईस मिलवर धान पारखलं होतं. परखी म्हणजे टोकदार लोखंडी नळी. ती पोत्यात वर, मधे, खाली अशी तीनदा खुपसायची, निघालेले दाणे तळहातावर चोळायचे, एक दाताखाली फोडायचा आणि मगच तोंड उघडायचं. "वरतं तं सारेच चांगला माल ठेवतेत," हे त्यांचं पालुपद. माणसांनाही तोच न्याय. मोहल्ल्यात कुणाचं लग्न ठरलं की चाचा नवरदेवाच्या बापाला विचारत, शेजाऱ्याला विचारत आणि शेवटी त्याच्या न्हाव्याला.

त्यांची आमची भिंत एकच. चाची गेल्यावर घरात ते आणि मुलगा सलीम उरले. सलीम नागपूरला कॉम्प्युटर शिकायला गेला आणि तिथूनच हैदराबादला, तो आलाच नाही. कुणी विचारलं की चाचा म्हणत, "मजेत हाय."

मी चंद्रपूरहून बीसीए करून आले, तेव्हा आता पुढं काय, हे मला सोडून सगळ्या मूलला माहीत होतं. मामा म्हणे एमबीए, मावशी म्हणे बीएड. त्यातच तहसीलमध्ये ऑपरेटरची कंत्राटी जागा निघाली आणि मला मिळालीही. सोमवारी हजर व्हायचं होतं. मला एमसीए करायचं होतं आणि त्याचा फॉर्म शनिवारपर्यंतच होता. बाबा शाळेत गुरुजी, जपून चालणारे. म्हणाले, "अजून दोन वर्षं शिकून शेवटी ऑपरेटरच झालीस तर?"

भिंतीपलीकडून आवाज आला, "गुरुजी, कॉलेजात परखी मारली काय?"

बाबांनी कपाळाला हात लावला. पण शुक्रवारी त्यांची शाळा होती, म्हणून चाचांसोबत मीच पहाटेच्या एसटीनं नागपूरला गेले.

पहिल्या कॉलेजात काचेची इमारत, समोर कारंजं. प्राचार्यांनी गुळगुळीत रंगीत पुस्तिका दिली आणि शंभर टक्के नोकरी सांगितली. दुसऱ्या वर्षाचा मुलगा "ठीक आहे" म्हणाला आणि सटकला. मग चाचांनी गेटवरच्या तरुण वॉचमनला गाठलं. "इथी कईपासून हायेस, बाबू?"

"आधी दोन वर्षं वर्गात होतो काका. आता सहा महिने झाले, गेटवर हाओ."

चाचांनी पुस्तिका त्याच्याच हातात ठेवली.

दुसऱ्या कॉलेजाचा रंग उडालेला. प्राचार्य खेकसले, "मेहनत करणार असेल तरच फॉर्म भरा." एक मुलगी म्हणाली, "गणितानं रडवलं, पण शिकवतात मस्त." लॅबचा शिपाई म्हणाला, "पोट्टे हाकलल्याबिगर घरी नाई जात." चाचांनी खिशातून धानाचा दाणा काढला, दाताखाली धरला. कट्ट.

"भर फॉर्म," ते म्हणाले. "तुह्या बापाले मी सांगतो."

परतीच्या बसमध्ये मी हवेत होते. सहज विचारलं, "चाचा, सलीमभाऊ कसा आहे?"

"मजेत हाय."

हे तर वरचे दाणे. नागभीडला पुन्हा विचारलं. "फोन येते ना, ईदले," म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. सिंदेवाही मागे पडल्यावर मी तिसऱ्यांदा विचारलं.

ते खिडकीतून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "त्याच्या टायमाले मी परखीच नाई मारली, पोरी. असंच रंगीत पुस्तक पाह्यलं आन् पोट्ट्याले टाकून देल्लं. दीड वर्षात कॉलेजाले कुलूप. चूक माही, आन् तोंड दाखवाले लाजते तो. मी काई रागावलो नाई. पण हे त्याले सांगू कसा? फोन आला का मी मजेत, तो मजेत. संपलं." त्यांचे डोळे भरून आले. मलाही रडू आवरेना.

नागपूरला राहायला जाण्याआधी मी त्यांच्याकडून हैदराबादचा पत्ता घेतला आणि पत्र लिहिलं:

"सलीमभाऊ, चाचा तुझ्यावर रागावलेले नाहीत. तीन ठिकाणी विचारून लिहिते आहे. माझे बाबा म्हणाले, चाचा तुझ्याविषयी कधी वावगं बोलले नाहीत. भाजीवाली म्हणाली, अजून दोघांपुरती वांगी नेतात. आणि खुद्द चाचांना मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते रडले. एकदा येऊन जा."