गायकवाड काका अ‍ॅपची मुलाखत घेतात

गायकवाड काका नवीन अ‍ॅप मोबाइलमध्ये घेण्याआधी त्याची मुलाखत घेत. मनातल्या मनात नव्हे, चांगली तोंडाने, सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसून. मोबाइल हातभर लांब धरायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि सावकाश विचारायचं, "हं, करतोस काय? आणि मागतोस काय?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काका फोनवर ड्रायव्हर ठेवतायत.

प्रत्येक अ‍ॅप त्यांच्या लेखी "हा" असे. टॉर्चचा हा, हवामानाचा हा. अमुक परवानगी द्या, तमुक परवानगी द्या असं पडद्यावर आलं की काका थांबत. "टॉर्च लावायला याला माझा पत्ता कशाला? अंधार आहे हे मी सांगतोय ना." मग 'नको'वर बोट ठेवत आणि पुढच्याला बोलावत. जो पास होई त्यालाही लगेच पहिल्या पानावर जागा नसे. तो शेवटच्या पानावर, प्रोबेशनवर. काका केंद्र सरकारच्या एका खात्यात भरतीच्या कामातून रिटायर झाले होते, त्यामुळे कायम करण्याची त्यांना कधीच घाई नसे.

मी करोलबागेत वाढले. नोकरी लागली ती गुडगावात, त्याचं गुरुग्राम झालं त्या सुमाराला. रोजच्या मेट्रोला कंटाळून इथे एका टॉवरमध्ये भाड्याने राहायला आले. खाली लिफ्टची वाट बघत आईशी फोनवर बोलत होते, तर मागून आवाज आला, "मराठी का? कुठले?"

"पुण्याचे," मी म्हटलं. "म्हणजे माझे आजोबा. मी इथलीच."

"मग दिल्लीचीच की," काका म्हणाले. "आम्ही नगरकडचे. आता आम्हीही दिल्लीचेच." ते माझ्याच मजल्यावर राहत होते. घरी काकू असतात, पण त्यांना बरं नसतं, एवढंच तेव्हा कळलं.

मी काय करते हे त्यांनी विचारलं. आम्ही भाजी घरपोच देणारं अ‍ॅप बनवतो, असं सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. माझे सगळे नातेवाईक यावर पगार विचारतात. काकांनी विचारलं, "बनवता कसं? आधी भाजी येते की आधी बटण?" लिफ्ट येऊन निघून गेली, आम्ही खालीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बाकावर माझी वाट बघत होते.

"पल्लवी, तुमचा भाजीवाला काल आला होता. बोलायला बरा आहे. पण तो माझे सगळे फोन नंबर मागतो. भेंडी घ्यायला माझा साडू कशाला लागतो?"

मी म्हटलं, "काका, ते मार्केटिंगसाठी असतं."

"अच्छा. म्हणजे साडूलाही भेंडी विकायची आहे." त्यांना राग बिलकुल आला नव्हता. कोडं सुटल्याचा आनंद झाला होता. "नापास," ते प्रेमाने म्हणाले.

मी तो प्रश्न ऑफिसच्या मीटिंगमध्ये जसाच्या तसा मांडला. आधी सगळे हसले. पुढे ती मागणी आमच्या अ‍ॅपमधून काढून टाकली. काकांना सांगितलं तर म्हणाले, "सुधारतोय. पाठव त्याला परत."

सोसायटीत कुणाचाही मोबाइल बिघडला की तो काकांकडे येई. त्यांची पद्धत ठरलेली. फोन हातात घ्यायचा नाही, आधी माणसाकडे बघायचं. "इससे पहले क्या किया था?" समोरचा म्हणे, "कुछ नहीं किया, अंकल." काका मान डोलावत. "जिसमें कुछ नहीं किया होता है, उसी में टाइम लगता है." मग बंद करून चालू, मग एकेक अ‍ॅप काढून बघणं. जे काढल्यावर फोन शहाण्यासारखा वागू लागे त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहत. रागाने नव्हे. हा असा का वागला असेल, या कुतूहलाने.

भाटिया आंटींचा फोन एकदा पार अडकला. जागाच उरली नव्हती. काकांनी उघडून पाहिलं तर आत सगळी फुलं. गुलाब, कमळ, सूर्योदय, प्रत्येकावर गुड मॉर्निंग. मी म्हटलं, डिलीट करून टाका, दोन मिनिटांचं काम. आंटींनी फोन जवळ ओढला. काकांनी हळूच विचारलं, "किसने भेजे?" लुधियानाच्या बहिणीने. ती आता नाही. काकांनी घरून आपला लॅपटॉप आणला आणि दोन संध्याकाळी बसून एकूण एक फूल त्यात उतरवून घेतलं. मग आंटींसाठी एका पेन ड्राइव्हवर भरून दिलं. त्यानंतरच फोन मोकळा केला.

एवढ्या चोखंदळ माणसाची एक गोष्ट मला समजत नसे. त्यांच्या शेवटच्या पानावर एकाच प्रकारची अ‍ॅप येत आणि जात. सगळ्यांच्या चित्रात एक उघडं तोंड. एकदा त्यांनी विचारलंही, "तुमच्या कंपनीत चांगलं मराठी बोलणारा कुणी आहे का? माणूस नको. अ‍ॅप."

मी नाही म्हटलं. मग एका रविवारी, चर्चहून आल्यावर, त्यांनी माझी बेल वाजवली. "जरा घरी येतेस? एक फोन बघायचाय."

सुमतीकाकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, साडी चापूनचोपून. माझ्याकडे बघून त्या ओळखीचं हसल्या. बोलल्या नाहीत. काकांनीच सांगितलं, काकूंच्या समोर, त्यांना वगळून नव्हे. वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. हातपाय सावरले, शब्द गेले. कळतं सगळं. वाचायचं म्हटलं तर अक्षरं हलतात, चित्रं मात्र ओळखू येतात. पहाडगंजच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईकडे एकच शब्द उरला होता. "अहो."

"त्यात ती पुष्कळ काही बसवते," काका म्हणाले. "मला निम्मं कळतं."

मग त्यांनी मला त्या उघड्या तोंडांची हकीगत सांगितली. चित्र दाबलं की वाक्य ऐकू येतं, अशी ती अ‍ॅप. एक बाई अमेरिकन इंग्रजीत पाणी मागायची. हिंदीवाली स्टेशनवर बोलल्यासारखी बोलायची. "सुमतीला वाटलं, गाडी सुटतेय." मराठीवाला एक सापडला, तो जोडाक्षर आलं की अडखळायचा, आणि काकू कपाळाला हात लावायच्या. शेवटी एक साधं मिळालं. चित्रं आपली, आवाजही आपला भरायचा. काकांनी स्वतःच्या आवाजात सगळं भरून दिलं. काकूंनी एक बटण दाबलं, काकांचा आवाज म्हणाला, "मला चहा हवा," आणि काकूंनी फोन सोफ्यावर फेकून दिला.

"बरोबर आहे तिचं," काका म्हणाले. "तिने बोलायचं आणि आवाज माझा. बाईचा आवाज पाहिजे. मी तिला विचारलं, पल्लवीचा चालेल का? तेव्हा फेकाफेक झाली नाही."

आम्ही आतल्या खोलीत बसलो. काका एकेक वाक्य सांगत, मी म्हणत असे. पाणी हवं. पंखा बंद करा. केळं द्या. इथे अडलं.

"केळं. 'केलं' नाही. दिल्लीत तुझा ळ गेलाय. ती पहिल्यांदा तुझाच तास घेईल."

चार-पाच वेळा म्हटल्यावर ते केळं एकदाचं पिकलं.  मग काका घसा साफ करून म्हणाले, "आता पुढचं. 'तुम्ही चुकताय.'"

मला वाटलं, ते मला म्हणतायत. "काय चुकलं?"

"तसं नाही. वाक्यच ते आहे. भर."

मी भरलं. त्यानंतर "एवढ्या मोठ्याने बोलू नका, मी बहिरी नाही." त्यानंतर "मला विचारल्याशिवाय ठरवू नका." काका डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक वेळी नाही म्हणत होते.

"तू विनंती करतेयस. ती विनंती करत नसे. शेवटचा शब्द खाली आपट."

मी आपटला. "हं," ते म्हणाले. "आता थोडं जमलं."

सगळी वाक्यं काकांनाच टोचणारी होती. मला राहवेना. "काका, एखादं गोड वाक्यही घेऊ या ना. 'तुम्ही माझं किती करता', असं काहीतरी."

काकांनी मान हलवली. "ते ती कधी म्हणायची नाही. आता तिला बोलता येत नाही म्हणून मी माझंच कौतुक तिच्या तोंडी घालू? ते नको." मग फोनकडे बघत म्हणाले, "वर्षभर मी म्हणतो ते सगळं बरोबरच ठरतंय, पल्लवी. या घरात असं कधी नव्हतं."

काकांनी प्रत्येक वाक्याला चित्र लावलं. 'तुम्ही चुकताय'ला त्यांनी स्वतःचा फोटो लावला. बाहेर येऊन फोन काकूंच्या मांडीवर ठेवला आणि कुठलं चित्र काय बोलतं ते एकदा ऐकवलं. काकू चित्रांवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. दाबलं काहीच नाही. काका उगाच उशी सारखी करू लागले.  मी विचारलं, "काकू, चहा घ्यायचा का सगळ्यांनी?"

"ती या वेळेला घेत नाही," काका म्हणाले. "तुला करतो."

"मला विचारल्याशिवाय ठरवू नका."

माझाच आवाज होता, पण फोनमधून आलेला. काकूंचं बोट अजून चित्रावर होतं आणि त्या सरळ काकांकडे बघत होत्या.

काका उशी धरून उभे राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली. "बरं," ते म्हणाले. "घेणार का?"

काकूंनी मान डोलावली. घेणार.

काका स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटला, भांडं ठेवल्याचा आवाज आला. आतून त्यांनी विचारलं, "साखर?"

साखरेचं चित्र आम्ही केलंच नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर काकूंनी हाताने मला थांबवलं. "अहो," त्या म्हणाल्या. जरा लांबवून.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? अर्धा चमचा."

काकूंनी मांडीवरच्या फोनमध्ये चित्र शोधलं, सापडायला थोडा वेळ लागला, आणि दाबलं.

"तुम्ही चुकताय."

आत चमचा डब्यावर थांबला. "बरं," काका म्हणाले.  "एक घालतो."

चहा उकळल्याचा वास बाहेर आला, मग नाक शिंकरल्याचा आवाज, तरी काका आले नाहीत. मी उठू लागले, तर काकूंनी मला खुणेने बसून राहायला सांगितलं.