कोळसा पुरणारे हमीद मास्तर

आमच्या आळीत सगळे कोळसा विकत आणत आणि शेगडीत घालत. हमीद मास्तर तो घरी तयार करत आणि जमिनीत पुरत.

मास्तर आमचे शेजारी. मध्ये फक्त चिऱ्यांचा गडगा. हायस्कुलात शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा अन्वर तेलवाहू जहाजावर खलाशी. हवेत कार्बन डायऑक्साइड साठतोय आणि त्यानं पृथ्वी तापणार, असं मास्तरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

"झाड हवेतला कार्बन खातं," ते समजावत. "उघड्यावर जाळलंत की खाल्लेलं सगळं ओकतं. कोंडून भाजलंत तर बरंचसं कोळशात राहतं. तो पुरला, की गप्प!"

त्यासाठी त्यांनी झाकणाचं एक पिंप मिळवलं होतं. त्यात आंब्याच्या छाटलेल्या फांद्या आणि करवंट्या भाजत. माझ्या कामांच्या यादीत गुरुवारी रॉकेल, दळण आणि त्याखाली 'मास्तरांना करवंट्या' असं असे. यादीतलं काम मी टाळत नाही.

कुठं धूर दिसला की मास्तर थांबलेच. "हे परत खाली कोण नेणार?" मिरकरवाड्याच्या बंदरात एका ट्रॉलरवाल्याला त्यांनी हेच विचारलं, तर तो म्हणाला, "मास्तर, खालची मासळी वर आणताना कंबर मोडते. आता धूर पण खाली नेऊ?" भातरोपांसाठी शेतात पालापाचोळा भाजणाऱ्यांकडेही ते जाऊन आले. "राब नाय भाजला तं रोप काय तुमच्या पुस्तकात उगवंल?" एवढं ऐकून परतले.

एकदा मी गडग्याजवळ कडीपत्त्यासाठी खड्डा खणला आणि आत ओंजळभर काळे तुकडे निघाले. मला लगेच उलगडा झाला. पण सासूबाई आधी पोचल्या होत्या.

"अगो, करणी! कोणीतरी पुरलंन हो!"

"आई, ते मास्तरांचं..."

"मास्तर कशाला आपलं वाईट करतील?"

पुढं ऐकायची त्यांची तयारी नव्हती. सकाळी गुरव आला. खड्ड्यापाशी नारळ हातात धरून त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या घराचं वायट चिंतून कुणी काय पुरलं असंल..."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"तं त्याला हितं आणून हुबा कर, म्हाराजा!"

"मीच पुरलंय," गडग्यावरून आवाज आला. लुंगी सावरत मास्तर गडगा ओलांडून सासूबाईंकडे येत होते. "माझ्या परड्यात वीतभर मातीखाली कातळ लागतो, वहिनी. तुमच्याकडे माती आहे. विचारायला हवं होतं."

गुरवाचा नारळ हातातच राहिला. "म्हंजे करणी नाय?"

"नाही. कार्बन."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मास्तर, सगळ्या जगाचा धूर तुम्ही एकटे कुठवर पुरणार?"

मास्तरांकडे या प्रश्नाला नेहमी तासभराचं उत्तर असे. आज त्यांनी खड्ड्यातला एक तुकडा उचलून हातात घेतला.

"जगाचा कुठला, वहिनी. अन्वरचं जहाज तेल वाहतं. त्याच्या वाटणीचं थोडं तरी इकडे फिटावं, एवढंच." मग तुकडा खाली ठेवत म्हणाले, "आखातात लढाई चाललीय. तेलाची जहाजं पेटवतात. रेडिओ लावला की हाताला काहीतरी काम लागतं."

पिंपाजवळच्या खिडकीत त्यांचा रेडिओ दिवसभर का चालू असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

गुरव खाकरला. "नारळ धरलाय, तं गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाय." त्यानं नारळ पुन्हा वर धरला. "बा देवा म्हाराजा, ह्या मास्तरांचा पोरगा दर्यावर हाय. त्याच्या आगीपाण्याचा राखणदार तू हो, नि त्याला सुखरूप घरी आण, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मास्तरांचा आवाज आमच्यामागून आला, जरा उशिरा आणि सगळ्यांत हळू.

नारळ फुटला. प्रसाद वाटून झाल्यावर सासूबाई खाली बसल्या आणि मातीत विखुरलेले कोळसे एकेक करून खड्ड्यात ठेवू लागल्या. त्यांचे हात काळे झाले.

"सूनबाई, कडीपत्ता पलीकडे लाव," त्या म्हणाल्या. "आणि मास्तर, उभे काय? पिंपातलं आणा. तेही परत खाली जाऊ दे."