ताईंची बिनक्लचची गाडी

ताईंनी गाडी घ्यायचं ठरवलं आणि जेवता जेवता सांगून टाकलं, तेव्हा त्यांच्या नवऱ्याचा, उस्तादांचा, घास हातातच राहिला. गाडी घेण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ताईंचे पुढचे दोन शब्द मात्र त्यांच्या घशाखाली उतरेनात.

"छोटी. ऑटोमॅटिक."

उस्तादांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. डेपोत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, उस्तादच म्हणत. एकतीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही, याचं प्रशस्तिपत्रक पुढच्या खोलीत दारासमोर टांगलेलं होतं. बूट काढायला वाकलेल्या पाहुण्यानं मान वर केली की पहिली नजर त्यावरच पडावी, अशा बेतानं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी रस्त्यावरच्या एखाद्या बसचा गिअर करकरला, की ते घरात बसून चुकचुकत.

"ऑटोमॅटिक ही काय गाडी झाली? गिअर तीच टाकणार, तर माणसानं काय करायचं? वारा खात बसायचं?"

"माणसानं जायचं तिथे पोचायचं," ताई म्हणाल्या.

ताईंचं शिवणाचं दुकान होतं. दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि गेली सव्वीस वर्षं गळ्यात लोंबणारी टेप. एका मोठ्या हॉस्पिटलनं नुकतंच त्यांना कर्मचाऱ्यांचे गणवेश शिवायचं काम दिलं होतं. महिन्याला दोनशे जोड, आणि पोचवायचे ताईंनीच. तीन मोठी दुकानं मागे टाकून मिळालेलं काम. ते हातचं जाऊ द्यायची त्यांची अजिबात तयारी नव्हती. अडचण एकच होती. ऑपरेशन झालेला त्यांचा डावा गुडघा क्लच दाबायला साफ नाही म्हणत होता.

"मी आहे ना चालवायला," उस्ताद म्हणाले.

"तुम्ही मला बसस्टॉपवर सोडल्यासारखं सोडता आणि लगेच घड्याळ बघता. मीच चालवणार. परवाना काढलाय मी."

"परवाना? कधी शिकलीस?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा."

आपल्या नाकाखाली, म्हणजे नेमकं सांगायचं तर आपल्या घोरण्याखाली, एवढं मोठं काम उरकलं गेलं याचा राग यावा की कौतुक वाटावं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते एवढंच म्हणाले, "गाडी मात्र मी निवडणार. गाडी कळायला हात लागतो."

रविवारी सकाळी दोघं जुन्या गाड्यांच्या विक्रीकेंद्रात गेले. नवी गाडी ताईंच्या ऐपतीबाहेर होती आणि कर्ज काढायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. तिथल्या विक्रेत्यानं छान टाय बांधला होता. गाठ मात्र एका बाजूला कलली होती. ताईंच्या ते लक्षात आलं.

"ताईंसाठी हवीय? मग रंग कुठला बघायचा?"

"आधी सीटची उंची बघायची," ताई म्हणाल्या आणि गळ्यातली टेप काढून कामाला लागल्या. गुडघ्याला त्रास न होता बसता-उठता येतं का, मागची सीट पाडली की गणवेशांचे गठ्ठे मावतात का, दार कितपत उघडतं, सगळं त्यांनी गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं घेतलं. निळ्या गाडीशी जरा थबकून म्हणाल्या, "ही कंबरेत फार आवळलीय. गठ्ठे अडकतील." निळी बाद झाली. उरल्या दोन, एक पांढरी आणि एक तांबडी.

पांढरीच्या स्टिअरिंगवर उस्ताद बसले, शेजारी ताई, मागे टायवाला. उस्तादांनी आरसे असे नीट लावले की जणू मागे पन्नास प्रवासी बसलेत. गाडी फाटकाबाहेर पडली आणि टायवाल्यानं सुरुवात केली, "बघा साहेब, हिचं वैशिष्ट्य म्हणजे अजिबात धक्का—"

चौकात वेग कमी करताना उस्तादांचा डावा पाय एकतीस वर्षांच्या सवयीनं क्लचवर गेला. क्लच तिथे नव्हताच. होता तो रुंद ब्रेक, आणि त्यावर बसचा क्लच दाबायला लागतो तेवढा जोर पडला. गाडी जागच्या जागी खिळली. टायवाला पुढच्या दोन सीटांच्या मधून अर्धा पुढे आला आणि उरलेलं वाक्य त्यानं ताईंच्या पर्सला सांगितलं.

"ब्रेक फार कडक आहे," उस्ताद म्हणाले.

"साहेब, हिला क्लच नाही."

"मला माहीत आहे!"

"पायाला सांगितलंय का?" ताईंनी हळूच विचारलं.

पायाला सांगून झालं, तरी पुढच्या वळणावर तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. चौथ्या धक्क्यानंतर टायवाल्यानं मागचा पट्टा लावला. परत आल्यावर उस्ताद उतरले ते घामानं निथळत. "गाडीत खोट आहे," असं त्यांनी जाहीर केलं. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या गाडीतला प्रवासी हिंदकळला होता.

ताईंना ते पाहवलं नाही. तांबडी काढायच्या आधी त्या खाली वाकल्या, उस्तादांचा डावा पाय सीटकडे सरकवला आणि बुटाभोवती टेपचे दोन वेढे घेऊन तो सीटखालच्या दांडीला पक्का बांधून टाकला.

"अगं, काय हे! लोक बघतायत."

"एका पायाची गाडी आहे. दुसऱ्याला सुट्टी द्या."

आणि चमत्कार झाला. तांबडी लोण्यासारखी पळाली. उस्तादांनी तिला बाजारातून नेलं, पुलावरून नेलं, उलटी घातली, चिंचोळ्या बोळातून अशी काढली की टायवाल्याचा हात आपोआप पट्ट्यावरून सुटला. "हात बसला की गाडी कळते," ते म्हणाले. चेहरा पुन्हा प्रशस्तिपत्रकासारखा दिसू लागला. त्याच आनंदात त्यांनी गाडी आवारात आणली, कार्यालयाच्या काचेच्या दारासमोर थांबवली, आणि "टायर तेवढे बघतो" म्हणत दार उघडून झोकात उतरले.

पाय ओढला तसा तो मोज्यासकट बाहेर आला. बूट आत बांधलेलाच राहिला. आणि बसमध्ये कधी न घडलेली गोष्ट घडली. ब्रेकवरचा पाय निघाला, गिअरची लिव्हर 'डी'वरच, म्हणजे पुढे जायच्या खुणेवरच होती, आणि ड्रायव्हर खाली असताना गाडी आपली आपण निघाली.

वेग काही नव्हता. आजोबा फिरायला जातात तेवढाच. पण निघाली होती सरळ काचेच्या दाराकडे.

"ए, थांब! थांब म्हणतो ना!" एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत उस्ताद तिच्या बरोबरीनं लंगडत धावू लागले. त्यांचा हात उघड्या दाराला लागे, पण आतला हँडब्रेक काही हाती येईना. मागच्या सीटवर टायवाल्यानं डोळे मिटून घेतले.

ताईंनी डोळे मिटले नाहीत. दोन सीटांच्या मधला हँडब्रेकचा दांडा त्यांनी धरला आणि ताणून वर ओढला. गाडी थबकली. मग त्यांनी लिव्हर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर नेली, चावी फिरवून इंजिन बंद केलं, उस्तादांच्या बुटावरून टेप सोडवली आणि खाली उतरून बंपरपासून काचेपर्यंत माप घेतलं.

"नऊ इंच," त्या म्हणाल्या. "हीच घेऊया."

"ही?" उस्तादांना धाप लागली होती. "ही तर उधळते!"

"उधळली, पण ऐकली. त्या पांढरीत हँडब्रेकला नुसतं बटण आहे, तेही स्टिअरिंगपलीकडे. माझा हात पोचला नसता. हिचा दांडा माझ्या हातात आला." मग त्या टायवाल्याकडे वळल्या. "किंमत जरा कमी करा. आत्ता तुमचं दार मीच वाचवलंय."

टायवाल्यानं काचेकडे पाहिलं, उस्तादांच्या मोज्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं किंमत खाली आणली. जाता जाता ताईंनी त्याच्या टायची गाठ सरळ करून दिली.

कागदपत्रं चार दिवसांत झाली. गाडी घरी न्यायच्या दिवशी स्टिअरिंगवर ताई बसल्या आणि उस्ताद शेजारी. उस्तादांनी दोन वेळा "डावीकडे बघ" म्हटलं. दोन्ही वेळा ताईंनी आधीच पाहिलं होतं. पुढे मोठा चढ लागला आणि चढावरच गाड्यांची रांग तुंबली. पुढची गाडी जरा सरके, पुन्हा थांबे. चढावर गाडी मागे येऊ न देता थांबवणं ही उस्तादांच्या मते ड्रायव्हरची खरी परीक्षा. ताईंची तांबडी बोटभरही मागे आली नाही. उस्ताद सूचना द्यायच्या विसरून बघत राहिले.

नेमकी मागे बस होती. तांबडीच्या मागच्या काचेतून उस्तादांची मान ओळखून तिचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. "उस्ताद! मला वाटलंच! चढावर अशी गाडी तुमच्याशिवाय धरणार कोण?"

हा त्यांच्याच हाताखाली शिकलेला ड्रायव्हर. एवढ्या मोठ्या गैरसमजाला खिडकीतून उत्तर देणं उस्तादांना बरं वाटेना. रांग हलायचं काही लक्षण नव्हतं. ते खाली उतरले, बसपाशी गेले आणि मान वर करून म्हणाले, "मी नाही रे. ही चालवतेय. महिनाभरात शिकली. नुसती शिकली नाही, रविवारी एका हातानं—"

तेवढ्यात रांग सुटली. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. ताईंनी एकदा आरशात पाहिलं, नवरा बसच्या ड्रायव्हरशी हातवारे करून बोलतोय हे त्यांना दिसलं. पण चढावर मागच्यांना अडवून ठेवणं त्यांना पटलं नाही. तांबडी निघून गेली.

उस्ताद बसमध्ये चढले. कंडक्टर तिकीट नको म्हणत होता तरी त्यांनी घेतलं, आणि पुढच्या काचेपाशी दांडी धरून उभे राहिले.

"ती बघा, तांबडी. ट्रकच्या मागची. आमच्या घरची आहे ती."

पुढच्या दोन रांगांनी माना उंचावल्या. एका बाईंनी विचारलं, "कोण, मुलगा चालवतोय?"

"बायको," उस्ताद सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले. "आज पहिला दिवस. बघा, अंतर कसं राखलंय. आता वळेल. आधी इंडिकेटर देईल, बघा हं."

सगळी बस बघू लागली. तांबडीचा पिवळा दिवा वेळेवर लुकलुकला आणि गाडी अलगद उजवीकडे वळून दिसेनाशी झाली.

"दिला!" कुणीतरी मागून म्हणालं.

"दिला ना?" उस्ताद म्हणाले. त्यांचा थांबा मागे पडला होता.